मूठभर मीठ, चौदा कुंड्या

जे मीठ नऊ वर्षे झाडांना बाधले नाही, ते दहाव्या वर्षी बाधले, तर चूक मीठ घालणाऱ्या हाताची मानायची की पाणी घालणाऱ्या यंत्राची? हा प्रश्न चंद्रावती म्हात्रे यांनी रोह्याजवळ वरसे येथील आपल्या भाड्याच्या खोलीच्या ओट्यावर बसून विचारला होता. विचारताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्याचे उत्तर तुकड्यांनीच देता येते. मातीच्या शास्त्राच्या आधारे त्याचा एक भाग सांगता येतो, नोकरीच्या नियमांच्या आधारे आणखी एक. तरी मागे काही उरते. ते निदान क्रमाने मांडले जावे, एवढ्यासाठी हे लेखन.

चंद्रावतीबाईंचा जन्म १९६६ सालचा, धरमतरच्या खाडीलगतच्या एका गावातला. वडील मिठागरावर होते आणि लग्न झाले तेही मिठागरावरच्याच माणसाशी. नवऱ्याचे नाव जनू. मिठागरावर हंगामाच्या आरंभी वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा आणि पुढे ओल्या मिठाच्या टोपल्या डोक्यावरून बांधावरच्या राशीपर्यंत न्यायच्या, हे बायकांचे काम. तळ कुठे मुरला आहे, कुठे अजून मऊ आहे, हे पायाच्या तळव्याला कळत असे. चंद्रावतीबाईंना ते चांगले कळे, असे त्यांच्या गावची माणसे अजून सांगतात.

बांधाच्या एका अंगाला मिठागर आणि खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे, अशी त्या गावाची मांडणी होती. उधाणात बांध फुटून खारे पाणी खाचरात शिरले की दोन-तीन पावसाळे तिथे भात होत नसे. कडक ऊन पडले की अशा जमिनीवर पांढरा थर येई. त्याला ‘खार वर आला’ म्हणत. पावसाने जमीन धुऊन निघेपर्यंत थांबायचे, दुसरा इलाज नसे. घरामागच्या माडांच्या आळ्यांत मात्र हेच मीठ दरवर्षी मृगात मुद्दाम घातले जाई. माड हा समुद्राकडचा, त्याला मिठाची सवय असते, मिठाविना तो फळ धरत नाही, ही समजूत त्या पट्ट्यात जुनी आहे. म्हणजे बांधाच्या या बाजूला ज्याची भीती, त्याचाच घराच्या मागे नैवेद्य. यात विसंगती आहे असे तिथे कोणाला कधी वाटले नाही, कारण दोन्हींच्या मध्ये चार महिन्यांचा पाऊस होता.

मिठागर २००५च्या सुमारास बंद पडले. जनू म्हात्रे रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक द्रव्ये बनवणाऱ्या एका कंपनीत पहारेकरी म्हणून लागले आणि नवराबायको वरशाला राहायला आली. २०११ साली जनू वारले. मुलगी दिपिका लग्न होऊन पेणला गेलेली होती. पुढच्या वर्षी डिसेंबरात त्याच कंपनीच्या सफाईच्या ठेकेदाराने चंद्रावतीबाईंना कामावर घेतले आणि प्रशासकीय इमारतीतल्या कुंड्या त्यांच्याकडे दिल्या. आधीच्या माणसाच्या हाताखाली त्या कुंड्या सुकत आलेल्या होत्या. कामाच्या फळ्यावर त्यांच्या नावापुढे एकच शब्द असे: कुंड्या.

इमारत दुमजली आणि वातानुकूलित. कुंड्या एकशे सोळा. त्यांतल्या चौदांत पाम होते, उंच, काचेच्या लांब मार्गिकेत ओळीने ठेवलेले. बाकी मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि टेबलांवरची बारकी झाडे. चंद्रावतीबाईंची पद्धत सोपी होती. मधले बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचे. माती बोटाला चिकटली तर पुढे जायचे. सुटी राहिली तर पाणी घालायचे, आणि तेही तळाच्या भोकातून निघून खालच्या ताटलीत येईपर्यंत. मग ताटल्या बादलीत रित्या करायच्या आणि ती बादली बाहेरच्या गटारात ओतायची. या शेवटच्या भागाबद्दल त्यांना अनेकदा बोलणी बसली. फरशी ओली होते, कोणीतरी घसरेल, इतके पाणी हवेच कशाला, असे विचारले जाई. त्या फरशी पुसून घेत; पद्धत बदलत नसत.

जून २०१३ मध्ये त्यांनी प्रथम पामांना मीठ घातले. माहेरी गेल्या असता शेजारच्या गावातल्या, अजून चालू असलेल्या मिठागरावरचे खडे मीठ त्यांनी फडक्यात बांधून आणले होते. कुंडीगणिक एक मूठ, फक्त पामांना. पाम ही माडाचीच जात आहे हे पानांवरून दिसत होते, आणि ते खरेही आहे. याची त्यांनी परवानगी काढली नाही, कारण पाणी घालायला परवानगी लागते असेही त्यांना कधी कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर दरवर्षी, मृग लागला की त्या मीठ आणत. पाम वाढत राहिले.

हे पाहिलेली एकच व्यक्ती म्हणजे मैना. रोह्याच्या आतल्या बाजूच्या, भात आणि वाल पिकवणाऱ्या एका गावातून येणारी, त्याच इमारतीत झाडलोट करणारी, चंद्रावतीबाईंहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिचे बोलणे तिखट होते. झाडांचे एवढे लाड तिला पटत नसत. आमच्या वालाला कोण पाणी घालते, भात कापला की उरलेल्या ओलीवर आणि दवावर तो येतो, आणि तुमची ही साहेबाची झाडे मीठही खातात, असे ती म्हणे. पण दोघी एकाच रिक्षाने येत आणि डबा एकत्र उघडत.

२०२०च्या एप्रिलमध्ये रस्ते बंद झाले तेव्हा चंद्रावतीबाईंना सतरा दिवस कामावर येता आले नाही. कंपनी चालू होती, प्रशासकीय इमारत बंद. परवाना मिळून त्या आल्या तेव्हा एकतीस कुंड्यांतली झाडे गेलेली होती; ती पुढे नव्याने लावली गेली. पाम त्यांनी वाचवले. प्रशासन विभागाचे अधिकारी प्रविण साळवी यांनी त्यांचे तेव्हा कौतुक केले, आणि त्याच प्रसंगावरून वेगळा निष्कर्षही काढला. एका माणसाच्या येण्याजाण्यावर एवढी झाडे अवलंबून ठेवता येणार नाहीत, असे त्यांचे मत झाले. त्यात चुकीचे काही नव्हते.

दोन वर्षांनी, मे २०२२ मध्ये, यंत्रणा आली. ती बसवणारे निकेश पाटील पेणचे. वय चौतीस, रेल्वे स्थानकाजवळ दुकान. आधी आंबेबागांना ठिबक बसवत. अलीकडे घरांतल्या आणि कचेऱ्यांतल्या कुंड्यांसाठी स्वयंचलित पाण्याची व्यवस्था करू लागले होते. एवढे मोठे काम त्यांना प्रथमच मिळाले होते. यंत्रणेचे तत्त्व समजायला अवघड नाही. प्रत्येक कुंडीत एक बारीक नळी आणि मातीत खोचलेला दोन दातांचा एक सेन्सर. दातांमधून अगदी क्षीण वीज जाते. माती ओली असेल तर वीज सहज जाते, कोरडी असेल तर अडते. त्यावरून ओलावा टक्क्यांत मोजला जातो आणि फोनवर दिसतो. आकडा ठरलेल्या मर्यादेखाली गेला की पंप सुरू होऊन त्या कुंडीला अर्धी वाटी पाणी मिळते आणि बंद होतो. झाडाला हवे तेवढेच. ताटली कोरडी राहते. फरशी ओली होत नाही, हे प्रविण साळवींना विशेष आवडले होते.

मर्यादेचा आकडा कोणत्या झाडाला किती ठेवायचा, हे मात्र यंत्राला आपोआप कळत नव्हते. ते निकेश पाटलांनी चंद्रावतीबाईंकडून शिकून घेतले. तीन दिवस दोघे कुंड्यांमधून फिरले. बाई बोट घालून ‘आज नको’ किंवा ‘आता घाला’ म्हणत, निकेश त्या क्षणीचा आकडा फोनमध्ये नोंदवत. त्यांनी बाईंना पहिल्या दिवसापासून मावशी म्हटले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले की पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा तुमचे आकडे बरे आहेत. ठेकेदाराने त्याच आठवड्यात बाईंना कळवले होते की दिवाळीपर्यंत पाने पुसायला आणि टाकी भरायला त्यांना ठेवले जाईल. पुढे काम नाही. बाईंचे वय छप्पन्न होते. वसाहतीत पन्नाशीनंतरच्या बाईला नव्याने कोणी घेत नाही, हे त्यांना माहीत होते. वरशाच्या खोलीचे भाडे त्या नोकरीवर चाले. जावयाच्या घरी राहायला जायचे नाही, हे त्यांनी जनू गेले तेव्हाच ठरवले होते.

जूनमध्ये मृग लागला आणि त्यांनी दहाव्यांदा मीठ आणले. पामांना मूठ मूठ घालत असताना मैना झाडू घेऊन उभी होती.

“अगो, झाडं तं मशीनच्या घरी दिलीस. आता मीठ कशाला? पोरीच्या पाठीमागं सासरी शिदोरी धाडतेस व्हय?”

“मशीन पानी देल,” चंद्रावतीबाई म्हणाल्या. “मीठ कोन देल?”

पामांच्या पानांची टोके ऑगस्टमध्ये तपकिरी होऊ लागली. सप्टेंबरच्या मध्याला सात पाम सरळ वाळले. उरलेल्या एकशे दोन कुंड्या मात्र पूर्वी कधी नव्हत्या इतक्या टवटवीत होत्या, आणि यामुळेच कोडे अधिक अवघड झाले. फोनवर पामांच्या मातीचा ओलावा अडुसष्ट, एकाहत्तर असा दिसत होता. चौदाही पामांचा पंप आठवड्यांमागून आठवडे बंद होता, कारण त्याच्या हिशेबी माती ओली होती. निकेश तीनदा पेणहून आले. त्यांनी सेन्सर बदलले, तारा बदलल्या, मनीप्लांटचा चालणारा सेन्सर काढून पामाला लावून पाहिला. आकडा तोच. तिसऱ्या खेपेला प्रविण साळवींनी मार्गिकेतच त्यांना विचारले, “फोन म्हणतो झाड ओलं आहे. झाड म्हणतं मी वाळलो. मी कोणाचं ऐकू, निकेश?” निकेश पुन्हा तारा तपासू लागले. आणखी दोन कंपन्यांची माणसे ही यंत्रणा पाहायला येणार होती. त्यांना त्यांनी तारीख पुढची दिली.

आणि सप्टेंबरच्या अखेरीस निर्णय झाला. यंत्रणा काढायची, कुंड्या पुन्हा हाती घ्यायच्या. प्रविण साळवींनी चंद्रावतीबाईंना खोलीत बोलावून स्वतः सांगितले की त्यांचे काम साठाव्या वर्षापर्यंत चालू राहील, ठेकेदाराशी बोलणे झाले आहे. बाईंनी ते दिपिकाला फोनवर कळवले. तो दिवस चांगला गेला, असे त्या सांगतात. यंत्राचे काहीतरी चुकले आहे, हेच तोवर त्यांनाही वाटत होते. पामांना हात लावायचा नाही, निकेश साहेबांची तपासणी चालू आहे, असा दीड महिना हुकूम होता आणि त्यांनी तो पाळला होता. फक्त पाने पुसली होती.

वाळलेले सात पाम टाकून देण्यासाठी बाहेर काढायला त्यांना सांगण्यात आले, तेव्हा पहिली कुंडी उचलताच ती हलकी लागली. कडेची माती त्यांनी बोटाने सरकवली. नळीच्या तोंडापासून दूर, कुंडीच्या कडेने, पांढरा थर धरलेला होता. तो त्यांनी जिभेला लावला. मग त्या तिथेच मार्गिकेत खाली बसल्या. मैनेने येऊन काय झाले म्हणून विचारले.

“खार वर आलाय गो,” त्या म्हणाल्या.

मैना भाताच्या गावची. तिला अधिक सांगावे लागले नाही. तिने मार्गिकेत दोन्ही बाजूंना पाहिले आणि कुंडीतली वरची माती हाताने सारखी केली.

त्यानंतरचे दोन दिवस चंद्रावतीबाईंनी काय केले, ते त्यांनी नेमके सांगितले आहे. जिवंत असलेल्या सात पामांपैकी एक निवडून त्यांनी त्याला जुन्या पद्धतीने पाणी घातले. ताटलीत आलेले पाणी चाखले. ते खारट होते. दुसऱ्या बादलीनंतरचे कमी खारट, चौथ्यानंतरचे जवळजवळ गोडे. एवढ्यावरून त्यांना सगळे उमगले. नऊ वर्षे त्यांच्या ताटल्यांतून, गटारात जाणाऱ्या त्या बादल्यांतून, मीठ हळूहळू निघून जात होते. ज्या सवयीबद्दल बोलणी खाल्ली तीच सवय झाडांना राखत होती. यंत्राने झाडाला लागेल तेवढेच पाणी दिले. एक थेंब खाली गेला नाही, म्हणून मिठाचा एक कणही गेला नाही. मे महिन्यात निकेशने जे आकडे घेतले, ते धुतलेल्या मातीचे होते. मीठ त्यानंतर पडले होते.

मैनेचे म्हणणे वेगळे होते आणि त्यालाही आधार होता. नऊ वर्षे मीठ घातलेस, एक पान वाळले नाही. यंत्र आले आणि झाडे गेली. मग मारले कोणी? शिवाय मालकानेच ठरवले आहे, तू कुठे मागायला गेली होतीस? तिने शेवटी म्हटले ते चंद्रावतीबाईंना शब्दशः आठवते: “सगळ्यांनी मिळून तुला काम परत दिलंय, नि तू एकटी ते फेडायला निघालीस. झाडं काय साक्ष देनार हायेत?”

चार ऑक्टोबरला निकेश नळ्या काढायला आले. त्यांनी पहिल्या ओळीतले सेन्सर उपटून एका खोक्यात टाकले होते. चंद्रावतीबाई चहाच्या बशीत ती पांढरी माती घेऊन प्रविण साळवींच्या खोलीत गेल्या, आणि निकेशलाही त्यांनी हाक मारून आत घेतले.

“सायब, मशीनची चूक नाय,” त्या म्हणाल्या. “पामाला मी मीठ घातलंय.”

साळवींना प्रथम वाक्य कळले नाही. मग त्यांनी विचारले, कशाला?

“माडाला घालतात.”

“हा माड नाही, बाई.”

“जात तीच हाय.”

साळवींनी बशी जवळ ओढून माती पाहिली. मग साळवींनी सावकाश विचारले की काम जाणार म्हणून रागाने घातले का. प्रश्न विचारताना त्यांनी नजर खाली घेतली होती, असे निकेश सांगतात. बाईंनी नाही म्हटले, एकदाच. निकेशने कधीपासून घालता असे विचारले तेव्हा त्यांनी नऊ वर्षांचे सगळे सांगितले.

निकेशने बशीतली चिमूटभर माती टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात विरघळवली आणि सेन्सर आत धरला. फोनवरचा आकडा शंभरावर जाऊन थांबला. दुसऱ्या ग्लासात नुसते पाणी होते. तिथे तो कितीतरी खाली राहिला. साध्या पाण्यापेक्षा मिठाच्या पाण्यातून वीज अधिक सहज जाते. सेन्सरने वीज मोजली होती आणि ओलावा म्हणून सांगितली होती. पामांची मुळे कोरडी होत असताना फोन त्यांना भिजलेली म्हणत राहिला. निकेश सुटल्यासारखे हसले, आणि बाईंकडे पाहून थांबले.

“पण मावशी, नऊ वर्षं घालत होता, मग तेव्हा झाडं कशी टिकली?”

“मी खालून निघंपर्यंत पानी घालीत व्हते,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं जमीन पाऊस धुतो. हितं कुंडीला पाऊस कुठं हाय? तो मीच व्हते. मना तेव्हा ते समजलं नाय.”

प्रविण साळवी हे वाईट मनाचे गृहस्थ नव्हेत. त्यांनी वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात बाईंनी आपण होऊन सांगितल्याचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात केला होता. पण अहवाल वाचणारी माणसे पुण्याच्या कचेरीत होती, आणि त्यांच्यासमोर दोन तारखा होत्या: यंत्रणा मे महिन्यातली, मीठ जूनमधले, तेही काम जाणार असल्याचे कळलेल्या बाईने घातलेले. या दोन तारखांवरून जो अर्थ निघतो तो त्यांनी काढला. नऊ वर्षांच्या मिठाचा पुरावा काय, अशी विचारणा आली.

पुरावा मैना होती. तिला ठेकेदाराच्या माणसासमोर बोलावण्यात आले. मीठ घालताना पाहिले का, या प्रश्नाला तिने हो म्हटले. किती वेळा, या प्रश्नाला तिने यंदाच पाहिले असे उत्तर दिले. एवढी वर्षे पाहूनही कळवले का नाही, हा पुढचा प्रश्न तिला दिसत होता. बाहेर आल्यावर ती चंद्रावतीबाईंपाशी थांबली नाही, आणि त्या संध्याकाळी रिक्षात बसली नाही. चंद्रावतीबाईंनी हे सांगताना आवाज चढवला नाही. तिच्या दोन पोरी शिकायच्या आहेत, तिचा नवरा घरी बसलेला आहे, तिने काय करावे, एवढेच त्या म्हणाल्या. काही दिवसांनी मैना पुन्हा त्याच रिक्षाने येऊ लागली. त्या विषयावर दोघींमध्ये बोलणे झाले नाही. अजूनही झालेले नाही.

निकेश पाटलांनी स्वतःहून एक पत्र दिले. खारट माती आणि ओली माती यांत आपला सेन्सर फरक करू शकत नाही, हे बसवण्यापूर्वी सांगणे आपले काम होते. पाणी खाली निघू न देण्याची योजनाही आपलीच. म्हातारपणाकडे आलेल्या एका कामगारावर सगळा दोष टाकू नये, असे त्यात लिहिले होते. पत्राची प्रत साळवींनी फाइलला लावली. यंत्रणा ठेवायची असे आता ठरले होते, कारण तिच्यात दोष नव्हता असे सिद्ध झाले होते. ते सिद्ध करणाऱ्या बाईंचे काम ३१ ऑक्टोबरला संपेल, अशी चिठ्ठी ठेकेदाराकडून आली.

मधल्या चार आठवड्यांत त्यांनी जे केले ते इथे नोंदवणे आवश्यक आहे. उरलेले सात पाम त्यांनी आणि निकेशने मिळून धुतले. एकेक कुंडी मोरीवर नेऊन पाणी घालायचे, निथळू द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठ दिवस. निकेश ताटलीतल्या पाण्यात सेन्सर धरून पाहत, बाई चाखून पाहत. दोघांचे जुळले की ती कुंडी जागेवर जाई. पाच पाम जगले. त्यानंतर निकेशने यंत्राच्या कामात एक भर घातली: महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडीला, आकडा काहीही असो, तळातून निघेपर्यंत पाणी. किती पाणी घातले म्हणजे खालून निघते, हे त्यांना प्रत्येक मापाच्या कुंडीसाठी बाईंनी दाखवून दिले. ज्या यंत्रामुळे आपल्याला जावे लागत आहे त्याला हे का शिकवले, असे पुढे दिपिकाने आईला जरा रागानेच विचारले. बाईंनी तिला उलट विचारले, “झाडांनी काय केलंय?”

शेवटच्या दिवशी निरोपाचे काही झाले नाही. प्रविण साळवी रजेवर होते. चंद्रावतीबाईंनी सकाळी टाकी भरली, मार्गिकेतल्या पाच पामांची पाने पुसली आणि आपले ओळखपत्र फाटकावर दिले. फाटकावरच्या माणसाने ते उलटसुलट पाहून खणात टाकले. वरशापर्यंत त्या चालत गेल्या. त्या दिवशी मैनेची दुसरी पाळी होती.

सांगितले नसते तर, हा विचार त्यांच्या मनात येतो का, असे मी विचारले. मग त्यांनी मिठागरावरची एक गोष्ट सांगितली. बांधाला कुठे पाझर लागला आहे हे ज्याला प्रथम दिसे, त्याने ओरडायचे, मग बांध कोणाचाही असो आणि पाझर कोणाच्या हातून लागलेला असो. अशी तिथे रीत होती. पाझर आपल्याच कुदळीने लागला असेल तर माणूस ओरडताना कचरे, पण ओरडे. जे ओरडले नाहीत असे दोघेतिघे त्यांना ठाऊक आहेत. त्यांची नावे गावात अजून घेतली जातात. मग आत जाऊन त्यांनी चहा ठेवला.

कंपनीच्या त्या इमारतीत स्वयंचलित यंत्रणा आजही चालू आहे. निकेश पाटलांनी पुढे आणखी तीन कचेऱ्यांत ती बसवली. बसवण्यापूर्वी ते कुंडीतल्या मातीचा निथळ काढून तपासतात. चंद्रावती म्हात्रे सात महिने घरी होत्या. जून २०२३ पासून त्या वरशाहून रोज ये-जा करून पेणच्या एका गणपती कारखान्यात शाडूची माती भिजवून मळण्याच्या कामावर आहेत.